आधी आवाज, मग वारा

सोलापुरात बसून परदेशातल्या समुद्रातल्या पवनचक्क्या सांभाळतो, असं मी माझ्या सोयरिकीच्या बैठकीत सांगितलं तेव्हा मुलीच्या मामूंनी माझ्या अब्बांकडे फार सहानुभूतीनं पाहिलं होतं. त्यांची तरी काय चूक? आमच्याकडे समुद्र सोडा, भरून वाहणारी नदी बघायलाही गाडी काढावी लागते. पण काम खरं आहे. विजापूर रोडला दुचाकींच्या एका शोरूमच्या वर, तिसऱ्या मजल्यावर आमची कंट्रोल रूम आहे. युरोपच्या उत्तरेला, भर समुद्रात ओळीनं उभ्या असलेल्या पवनचक्क्या आम्ही इथून पडद्यावर बघतो. एखादी तापली, थरथरली, रुसली की ती थांबवतो. मग तिकडची माणसं बोटीनं तिच्यापाशी जातात, शिडीनं वर चढतात, दुरुस्ती करतात, बोटीत परततात आणि आम्हाला कळवतात. आम्ही इथून ब्रेक सोडतो आणि पाती पुन्हा फिरायला लागतात.

त्यांचं कळवणं आणि आमचं ब्रेक सोडणं, या दोहोंच्या मध्ये बिराजदार मॅडम बसायच्या. आणि त्या मध्ये बसल्या की हलायच्या नाहीत.

पूर्ण नाव महादेवी बिराजदार. अक्कलकोटच्या पुढचं, कर्नाटकाला खेटलेलं गाव. घरात कन्नड, शाळेत मराठी, इंजिनिअरिंगला इंग्रजी, आणि भांडायला तिन्ही. पन्नाशी ओलांडलेली, बांधा आडवा, केस घट्ट ओढून बांधलेले, कपाळावर विभूतीची बारीक रेघ. अंगात साधा पंजाबी ड्रेस आणि त्याखाली पायांत लोखंडी टोकाचे जाडजूड बूट. हे बूट कारखान्यात घालतात, पवनचक्कीवर चढणारे घालतात. खुर्चीत बसून पडदा बघणाऱ्या बाईनं ते का घालावेत, हे कुणाला कळत नसे. मी एकदा धाडस करून विचारलं.

"बागवान, पायात बूट नसला की मला वाटतंय मी ऑफिसात हाय," त्या म्हणाल्या.

"ऑफिसातच आहोत की आपण, मॅडम."

"तेच इसरायचं न्हाय का मला!"

उजवा गुडघा अधू. चालताना तो पाय त्या थोडा मागून आणायच्या. तरी तिसऱ्या मजल्यावर रोज जिन्यानं. इमारतीला लिफ्ट होती, पण तिच्या भिंतीवर तपासणीची जी चिठ्ठी असते तिच्यावरची तारीख कधीचीच उलटून गेली होती. मॅडमनी पहिल्याच दिवशी ती वाचली आणि वॉचमनला सांगितलं, "तपासणी करणाऱ्याला बोलवा, त्याला आधी आत बसवून तीनदा वर-खाली फिरवा, मग मी बसते." वॉचमन हसला. मॅडम जिन्याकडे वळल्या. ती तपासणी काही झाली नाही आणि मॅडम काही लिफ्टमध्ये बसल्या नाहीत. मधल्या मजल्यावर थांबून त्या गुडघा दाबायच्या आणि लिफ्टमधून वर जाणाऱ्या आम्हा तरण्याताठ्यांकडे जाळीतून असं बघायच्या, की शेवटी शेवटी आमच्यातले निम्मे जिना चढायला लागले. बाकीच्यांनी मॅडमच्या आधी ऑफिसात पोचायची सवय लावून घेतली.

त्या गुडघ्याचं काय झालं होतं, यावर ऑफिसात मतं होती. कुणी म्हणे एसटीतून पडल्या, कुणी म्हणे लहानपणी म्हशीनं तुडवलं. खुद्द मॅडमना विचारलं तर दर वेळी नवीन उत्तर. एका नव्या मुलीला त्यांनी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "नवऱ्यानं ढकललं." ती बिचारी दिवसभर डोळे पुसत होती. संध्याकाळी तिला कुणीतरी सांगितलं की मॅडमचं लग्नच झालेलं नाही. यापूर्वी त्या कंपनीच्याच बार्शीकडच्या माळावरच्या पवनचक्क्यांवर कामाला होत्या आणि स्वतः वर चढायच्या, एवढं मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. आम्हा बाकीच्यांनी पवनचक्की पाहिली ती पडद्यावर, नाहीतर बसच्या खिडकीतून.

डब्याला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. वर्षाचे बारा महिने तेच. भाकरी खायची तीही कानाला हेडफोन आणि तोंडासमोर माइक असताना, कारण समुद्रावर माणसं असताना मॅडम जागा सोडत नसत. एकदा तिकडच्या बोटीच्या कप्तानानं फार काळजीनं विचारलं, "सोलापूर, तुमच्याकडे वादळ आहे का? सारखं काहीतरी कडकडतंय." आम्ही खुर्च्यांवरून पडायचे बाकी होतो. मॅडमनी शांतपणे घास गिळला आणि त्याला इंग्रजीत सांगितलं की वादळ नाही, जेवण आहे, आणि तू हात धुऊन तुझंही उरकून घे, कारण तुझी माणसं खाली यायला अजून अवकाश आहे. पुढे तो कप्तान लाइनवर आला की आधी विचारायचा, "मॅडम, आज वादळ झालं का?"

समुद्र त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिला होता. धाकट्या भावाच्या कुटुंबाबरोबर कोकणात गेल्या होत्या. हा किस्सा त्या स्वतःच सांगायच्या आणि सांगताना जराही लाजायच्या नाहीत. वाळूवर उभ्या राहिल्या, लाटांकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, पुन्हा लाटांकडे बघितलं आणि भावाच्या पोरांना कंबरेइतक्या पाण्यातून बाहेर काढलं. पोरं रडायला लागली. भाऊ म्हणाला, "अक्का, सगळेच पोहायलेत की."

"पोहू देत. ह्या लाटेला बोट शिडीला लागत न्हाय. आज काम बंद."

"अगं, पण कोण शिडीला लागायलंय हितं?"

"बेडा," मॅडम म्हणाल्या. म्हणजे नको. त्यांच्या कन्नडमधला हा एकच शब्द आम्हा सगळ्यांना येत होता, कारण तो आम्हाला वारंवार ऐकायला मिळायचा. त्या दिवशी भावाच्या कुटुंबानं समुद्राकडे पाठ करून भेळ खाल्ली.

तर त्या मधल्या जागेबद्दल. समुद्रावरचं काम झालं की तिकडचा टीमचा प्रमुख लाइनवर यायचा आणि सांगायचा, "आम्ही तिघं खाली आलो, बोटीत आहोत, पवनचक्की मोकळी." नियमाप्रमाणे एवढं पुरे. दुसऱ्यांच्या पाळीत एवढ्यावर ब्रेक सुटायचा. मॅडमच्या पाळीत नाही. मॅडम म्हणायच्या, "छान. तीन जण सांगितलेस, आता तीन आवाज ऐकव." मग एकेकानं माइकपाशी यायचं, स्वतःच्या तोंडानं स्वतःचं नाव सांगायचं, आणि "खाली आलो" म्हणायचं. तिघांचे तीन आवाज कानावर पडले की मॅडम पडद्याकडे वळायच्या. चौघांपैकी तिघांचेच आले तर वळायच्या नाहीत.

तिकडची माणसं आधी चिडली. भिजलेली, दमलेली, पोटात ढवळत असलेली माणसं ती. त्यांना हजेरी कोण घेतंय तर कुठल्या तरी सोलापूरची कुणीतरी बाई. एकानं मुद्दाम बायकी आवाज काढून दाखवला. मॅडमनी त्याला पुन्हा बोलायला लावलं. पुन्हा काढला, पुन्हा लावलं. वारा जोरात होता, चक्की थांबलेली होती, आणि मॅडमना घाई नव्हती. शेवटी तो सरळ बोलला. त्यानंतर कुणी आवाज बदलायच्या फंदात पडलं नाही.

परदेशातले पाहुणे एकदा आमचं ऑफिस बघायला आले होते. त्यांतल्या एकानं हसत हसत मॅडमना विचारलं, तुम्ही कधी समुद्रावर काम केलं आहे का? मॅडम म्हणाल्या, नाही. मग तो म्हणाला, मग तिथला वारा तुम्हाला कसा कळतो? मॅडमनी क्षणभर त्याच्याकडे बघितलं. म्हणाल्या, "वारा तोच. तुमच्याकडं ओला, आमच्याकडं धुळीचा. आणि पडणारा माणूस दोन्हीकडं खालीच पडतो." हे त्या इंग्रजीत म्हणाल्या, पण वाक्याची ठेवण अस्सल अक्कलकोटची होती. पाहुण्यानं मान डोलावली. आमचे साहेब मात्र कावरेबावरे झाले.

साहेबांचं नाव निखिल. पुण्याहून आलेले, वयानं मॅडमपेक्षा खूप लहान, स्वभावानं भला माणूस. पहिल्याच दिवशी आम्हाला म्हणाले होते, "मला सर म्हणू नका, नुसतं निखिल म्हणा." तेव्हापासून आम्ही त्यांना निखिलसर म्हणतो. ही सगळी गोष्ट सांगताना त्यांना मी खलनायक करणार नाही, कारण ते नव्हते. त्यांच्यावर वरून फोन यायचे आणि ते फोन खाली यायचे, इतकंच.

एके दिवशी वरून नवी पद्धत आली. समुद्रावर जाणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात एक कार्ड. बोटीतून शिडीवर जाताना ते यंत्राला टेकवायचं, परत येताना पुन्हा टेकवायचं. टेकवलं की आमच्या पडद्यावर त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका. सगळे ठिपके हिरवे झाले की ब्रेक सोडायचा. बोलणं नको, वाट बघणं नको. निखिलसरांनी फार सुंदर समजावून सांगितलं. शेवटी म्हणाले, "यात माणसाच्या चुकीला जागाच नाही."

मागून मॅडमचा आवाज आला, "माणसाला तरी हाय का जागा?"

दोन-तीन जण हसले. मॅडम हसल्या नव्हत्या.

त्यानंतर ठिपके आले आणि आवाजही चालूच राहिले. मॅडमच्या पाळीत ठिपके हिरवे झाले तरी त्या हात जोडून बसल्यासारख्या बसायच्या, तिघांचे तीन आवाज ऐकायच्या आणि मगच माऊसला हात लावायच्या. निखिलसर बघूनही न बघितल्यासारखं करायचे. असं किती दिवस चालणार होतं? एका दुपारी ते मोडलं.

त्या दिवशी तिकडे वारा असा होता, की पवनचक्कीवाल्यांनी देव्हाऱ्यात ठेवावा. एकच चक्की दुरुस्तीसाठी थांबली होती आणि तीही सगळ्यांत मोठ्यांतली. तिघं जण वर गेले होते, काम उरकून खाली आले. तिन्ही ठिपके हिरवे. प्रमुखाचा आवाज आला, दुसऱ्याचा आला. तिसरा मार्टिन. मार्टिनचा येईना.

"मार्टिन कुठे आहे?"

प्रमुख म्हणाला, त्याला उलट्या होत होत्या म्हणून त्याला बंदराकडे निघालेल्या दुसऱ्या बोटीत बसवून दिलं. तो ठीक आहे. ठिपका बघा ना, हिरवा आहे.

"त्याला तू बोटीत बसताना बघितलंस?"

तो म्हणाला, "मी वर आवराआवर करत होतो. पण तो गेला, नक्की."

मॅडमनी माऊस बाजूला सारला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

दुसऱ्या बोटीला लाइन लागेना. निखिलसर केबिनमधून बाहेर आले. "मॅडम, हिरवं आहे." मॅडम म्हणाल्या, "दिसायलंय मला." मग निखिलसरांच्या फोनवर तिकडच्या ऑफिसातून कुणीतरी आलं, मग त्याच्यावरचं कुणीतरी. ते प्रत्येकाला 'होय, बघतो' म्हणायचे आणि मॅडमकडे बघायचे. "मॅडम, वारा वाया चाललाय." मॅडमनी मान हलवली. शेवटी निखिलसरांचा आवाज चढला. "मॅडम, हे मी तुम्हाला सांगतोय. सोडा."

"बेडा," मॅडम म्हणाल्या.

खोलीतला पंखा तेवढा फिरत होता. मॅडम उठल्या नाहीत, तावातावानं बोलल्या नाहीत, नुसत्या बसून राहिल्या. त्यांना खुर्चीतून ओढून बाजूला करणं कुणाच्यानं झालं नसतं, आणि त्या बसलेल्या असताना त्यांच्या खांद्यावरून हात घालून बटण दाबायची हिंमत आमच्यात कुणाची नव्हती.

शेवटी बोट बंदराला लागली आणि बंदरावरच्या कुणीतरी मार्टिनला शोधून काढलं. तो खालच्या बाकावर ब्लँकेट घेऊन झोपला होता. त्याला हलवून उठवलं, फोन कानाला लावला. त्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. घोगरा, झोपाळू आणि प्रचंड संतापलेला. ही काय भानगड आहे, म्हणाला.

"नाव," मॅडम म्हणाल्या.

"मार्टिन!" आणि त्यापुढे एक शिवी, जी कुठल्याही भाषेत कळते.

"खाली आलास?"

"मी झोपलो होतो!"

"ते असू दे. खाली आलास का ते सांग."

"आलो!"

"थँक यू. आता झोप," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी ब्रेक सोडला. तोपर्यंत तिकडचा वारा पडला होता. पाती कशीबशी वळली.

मी हे मुद्दाम जसंच्या तसं सांगतो आहे. मार्टिन वर अडकलेला नव्हता. ठिपका खरा होता, प्रमुख खरा होता, कार्ड खरं होतं. त्या दिवशी सगळे बरोबर होते आणि एकट्या बिराजदार मॅडम चुकल्या होत्या. ही गोष्ट कुणाला सांगितली की ऐकणारा शेवटी विचारतो, "म्हणजे तो माणूस वर नव्हताच?" आणि त्याचा चेहरा पडतो. तो वर सापडला असता तर मॅडमना हार घालायला हेच लोक पुढे आले असते. माणूस सुखरूप निघाला म्हणून बाई मूर्ख ठरली, याचा मला तेव्हाही संताप आला होता आणि आजही येतो.

दुसऱ्या दिवशी मीटिंग. सगळ्यांना बसवलं होतं, बहुधा सगळ्यांना कळावं म्हणून. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर तिकडचे दोन साहेब. किती वीज बुडाली, नियम काय सांगतो, हे बोलून झालं. मग निखिलसरांनी सौम्यपणे विचारलं, "मॅडम, तुम्हाला काही सांगायचंय?"

मला वाटलं, आता तीन भाषांत गर्जना होणार. मॅडमनी बसल्या जागी उजवा पाय पुढे घेतला, सलवारीचं टोक वर ओढलं. बुटाच्या वरपासून गुडघ्यापर्यंत शिवणीसारखा लांब व्रण होता. आम्ही तो पहिल्यांदाच बघत होतो.

"बार्शीकडच्या माळावर," त्या म्हणाल्या. "मी वर होते. पंख्याच्या मधल्या डब्यात, तीन पाती जितं जोडत्यात तितं. काम झालं. आमच्यात रीत हाय, उतरायच्या आधी हत्यारांची पिशवी दोरीनं खाली सोडायची. मी पिशवी सोडली. कमरेच्या पट्ट्याची अडकवण काढली आणि डब्यातनं बाहेर निघाले. अर्धी आत, अर्धी बाहेर. खालच्या माणसानं पिशवी आलेली बघितली. आमच्यात पिशवीमागं माणूस येतोच. मग त्यानं फोनवर सांगून टाकलं, मॅडम उतरल्या. तो खोटारडा न्हवता. लई चांगला पोरगा होता. कंट्रोल रूमनं ब्रेक सोडला. पंखा काय लगेच पळत न्हाय. जरासा वळतो. तेवढं वळणं पुरलं."

पडद्यावरच्या साहेबांना मराठी कळत नव्हती, पण पाय दिसत होता. निखिलसरांना दोन्ही कळत होतं.

"मी उतरले असं त्यांना कुणीतरी सांगितलं," मॅडम म्हणाल्या. "ते कुणीतरी म्हंजे मी न्हवते. तुमचा हिरवा ठिपका म्हंजे माझी पिशवी हाय, सर. पिशवी खाली आली. माणसाचं मला माणसाकडनं ऐकायचंय."

निखिलसरांनी ते इंग्रजीत करून सांगितलं. चांगलं सांगितलं, एक शब्द गाळला नाही. पडद्यावरच्या साहेबांनी खेद व्यक्त केला, मॅडमच्या धैर्याचं कौतुक केलं, आणि मग सांगितलं की पद्धत बदलणार नाही. पुढच्या पाळीपासून मॅडमनी नव्या पद्धतीप्रमाणे काम करावं, तसं कबूल करावं, नाहीतर दुसरं काम बघावं.

मीटिंग संपल्यावर निखिलसर त्यांच्या खुर्चीपाशी आले. "मॅडम, मला तुमचं पटतंय. पण..."

"पटतंय तर पण कशाला?"

"तुम्ही नुसतं हो म्हणा. आतून काय करायचं ते नंतर बघू."

"ते न्हाय जमत मला, सर. हो म्हटलं की मी करते. म्हणूनच म्हणत न्हाय."

मग मॅडमची जागा बदलली. खिडकीजवळची खुर्ची, समोर रिकामं टेबल, पडदा नाही. मॅडम रोज वेळेवर यायच्या, जिन्यानं. बूट, विभूती, डबा, सगळं तेच. काम नसलेल्या टेबलाशी ताठ बसायच्या. कंटाळून जातील असा हिशेब असावा. हिशेब करणाऱ्याला अक्कलकोटच्या पलीकडची माती माहीत नसावी. त्यांच्या जागी बसणाऱ्या पोराचे ठिपके हिरवे झाले की तो नकळत एकदा खिडकीकडे बघायचा. मॅडम बाहेर बघत असायच्या. हे त्याला फार लागायचं, आणि त्यानं दोनदा पाळी बदलून मागितली.

शेवटी मॅडमनीच निखिलसरांकडे जाऊन सांगितलं, "मला माळावर पाठवा. बार्शीकडं."

"मॅडम, तुमचा गुडघा..."

"वर न्हाय चढत मी. खाली उभी राहीन. तितं माणसं तरी दिसत्यात."

वरच्यांनी ताबडतोब होकार दिला. त्यांना वाटलं, माळावरचं ऊन, एसटी आणि जीपचे हेलपाटे, आठवडाभरात राजीनामा येईल. मॅडम गेल्या त्या दिवशी आम्ही केक आणला होता. त्यांनी तो कापला, पहिला तुकडा वॉचमनला दिला, आणि जिन्यानं खाली उतरल्या. मी त्यांची पिशवी घेऊन सोबत उतरायला लागलो. त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली आणि म्हणाल्या, "बागवान, जागेवर जा. समुद्रावर माणसं हायत."

राजीनामा आला नाही. आमच्याकडे ठिपक्यांवर काम चालू आहे. वाईट काही घडलेलं नाही आणि घडूही नये. पण घडलं नाही म्हणजे मॅडमचं चुकलंच होतं, असं चहाच्या टपरीवर कुणी म्हणालं की माझा चहा गार होतो, कारण मी भांडायला उठतो.

एक मात्र झालं. मॅडम गेल्यावर काही दिवसांनी, एका दुपारी ठिपके हिरवे झाले, पोरानं ब्रेकसाठी हात नेला आणि लाइनवर आवाज आला. आम्ही कुणी विचारलं नव्हतं. "मार्टिन. खाली आलो." पोरगा थांबला. मार्टिन म्हणाला, "मॅडम आहेत का?" मी सांगितलं, त्यांची बदली झाली. तो म्हणाला, "बरं. पण मी सांगून ठेवतो. मार्टिन, खाली आलो." मागून दुसऱ्यानं नाव सांगितलं, मग तिसऱ्यानं. तेव्हापासून त्याची टीम असली की तिन्ही आवाज येतात. आता यावर नियमात काही म्हटलेलं नाही, त्यामुळे कुणाला थांबवताही येत नाही.

हे मॅडमना फोनवर सांगायची गोष्ट नव्हती. मोडनिंबला बहिणीकडे गेलो होतो, तिथून मोटारसायकल काढली आणि बार्शीच्या पुढचा तो माळ गाठला.

वर वारा असा होता, की गाडी स्टँडवर उभी राहीना. मॅडम एका पवनचक्कीच्या पायाशी उभ्या होत्या. डोक्यावर पिवळं हेल्मेट, त्यावरून बांधलेली ओढणी, पायांत तेच बूट. मी मार्टिनचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चेहऱ्यावर मला बघायचं होतं तसलं काही उमटलं नाही. फक्त दोनदा विचारलं, "कुणी न विचारता?" मी दोनदा सांगितलं, कुणी न विचारता. मग त्या पाठ वळवून मनोऱ्याच्या दाराकडे बघत राहिल्या आणि बराच वेळ माझ्याकडे वळल्या नाहीत.

तेवढ्यात वर गेलेली माणसं खाली आली. तिघं होती, दारातून एकामागून एक बाहेर पडली आणि घाम पुसत मॅडमसमोर उभी राहिली. मॅडम त्यांतल्या पहिल्याला म्हणाल्या, "बोल."

"संभाजी. खाली आलो."

"मोठ्यांदी. वाऱ्यात ऐकू येत न्हाय."

"मॅडम, तुमच्या म्होरंच उभा हाय की मी!"

"दिसायलंय. बोल."

संभाजी छाती फुगवून ओरडला. दुसरा ओरडला, तिसरा ओरडला. त्यांना सवय झाली असावी, कारण तिसऱ्यानं तर हात वर करून असा पुकारा केला, की खालच्या शेतातला माणूस वळून बघायला लागला. मग मॅडम माझ्याकडे वळल्या.

"बागवान."

"मी वर गेलोच नव्हतो, मॅडम."

"हितं हाय न्हवं? मग बोल."

मी सांगितलं. वाऱ्यानं ते उडवून लावलं. मॅडमनी कानामागे हात धरला आणि नकारार्थी मान हलवली. मी पुन्हा सांगितलं, नावासकट, आडनावासकट, घशाच्या शिरा ताणून. आयुष्यात इतक्या मोठ्यानं मी स्वतःचं नाव कधी घेतलं नव्हतं, आणि सांगायला हरकत नाही, डोळ्यांत पाणी आलं. ते वाऱ्यानं नव्हतं.

मॅडमनी आम्हा चौघांवरून एकदा नजर फिरवली. मग मनोऱ्याच्या दारातल्या ब्रेकच्या पेटीपाशी गेल्या, किल्ली लावली, आणि कुणी विचारलं नसताना वर पात्यांकडे तोंड करून खणखणीत आवाजात म्हणाल्या, "महादेवी बिराजदार. खाली हाय." आणि किल्ली फिरवली.